भर बाजारातली शांत खोली



आमच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली म्हणून पुतण्याने आम्हा दोघांना दोन रात्री मुंबईला राहायला पाठवले. "काका, बुटीक हॉटेल आहे. फोर्टात, अगदी गर्दीच्या मध्यावर. पण आत गेलात की टाचणी पडली तरी ऐकू येईल." टाचणीचा आवाज ऐकण्यासाठी माणूस एवढे पैसे मोजतो हे मला नवीन होते. कासारवाडीत आमच्या एका अंगाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला जुना मुंबई-पुणे रस्ता, आणि मार्च २०२२ पासून त्या रस्त्याच्या डोक्यावरून मेट्रो. पहाटेची लोकल गेली नाही तर आमच्या सौ.ला जाग येत नाही. असो.

हॉटेल खरोखर चांगले होते. जुन्या इमारतीचा एक मजला, मोजक्याच खोल्या, दोन पदरी काचेच्या खिडक्या. खाली टॅक्स्या, हातगाड्या, फेरीवाले, आणि वर घड्याळाची टिकटिक. बुटीक हा मूळचा फ्रेंच शब्द, अर्थ छोटे दुकान. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली मॉर्गन्स नावाचे लहानसे हॉटेल निघाले, त्याच्या आगेमागे हा शब्द हॉटेलांना चिकटला असे पुतण्याने सांगितले. मी म्हटले, शब्द नवा असेल, वस्तू आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तो हसला. म्हातारी माणसे प्रत्येक गोष्ट आपल्याकडे आधी होती म्हणतात, तशातला तो प्रकार त्याला वाटला असावा. म्हणून हा लेख. विमाने पुराणकाळात होती असे मी म्हणत नाही, पण लहान आणि शांत उतारा भर शहरात होता, आणि त्याला इतिहास आहे.

आधी थोडी शब्दांची उजळणी करू. (मास्तरकी गेली तरी सवय जात नाही.) मराठीत 'हॉटेल' म्हणजे जिथे मिसळ आणि चहा मिळतो ते. राहण्याच्या जागेला आपण लॉज म्हणतो, नाहीतर पाटीवर लिहितात ते 'लॉजिंग-बोर्डिंग'. त्याच्याही आधी धर्मशाळा, मठ, देवळाच्या ओवऱ्या आणि नातेवाइकांच्या पडव्या. तुकोबांची पालखी दर आषाढी वारीत आमच्या कासारवाडीवरून पुण्याकडे जाते आणि नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते. माउलींची भवानी पेठेत, पालखी विठोबाच्या देवळात. बरोबरचे वारकरी आसपासच्या पेठांत, शाळांत, वाड्यांत आणि दुकानांच्या फळ्यांवर पाठ टेकतात. शहराच्या मध्यावर मुक्काम करण्याची आपली जुनी रीत ती. तिथे खोली नसते, जागा असते. दार लावून घेता येईल अशी, पैसे देऊन घेतलेली खोली ही मात्र इंग्रजी अमदानीतली गोष्ट. रेल्वे आली, हायकोर्ट आले, युनिव्हर्सिटी आली, आणि ज्यांचे मुंबईत कुणी नाही पण काम आहे अशी माणसे दर आठवड्याला उतरू लागली.

मुंबईचे त्या काळातले नावाजलेले हॉटेल म्हणजे काळ्या घोड्याजवळचे वॉटसन्स. लोखंडी सांगाडा विलायतेहून तुकड्यातुकड्यांनी जहाजावर घालून आणला आणि इथे जोडला. तिथे युरोपियनांनाच प्रवेश होता. जमशेटजी टाटांना तिथून परत पाठवले म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल काढले अशी कथा सांगतात. कथा म्हणून ती छान आहे, पण तिला पुरावा नाही, तेव्हा विद्यार्थ्यांना मी ती कधी सांगितली नाही. ताज १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले हे मात्र पक्के. वॉटसन्सची आणखी एक नोंद शाळेच्या पुस्तकांत हवी. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच हॉटेलात.

त्याच वर्षाच्या जानेवारीत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन तिथे उतरला होता. 'फॉलोइंग द इक्वेटर' या प्रवासवर्णनात (१८९७) त्याने त्या मुक्कामाचे जे लिहिले आहे ते वाचून मला हसू आवरले नाही. पहाटे पाचच्या सुमारास हॉटेल जागे होते: नोकरांची आरडाओरड, आणि तिच्यावर मुंबईचे कावळे. शहरातल्या सर्वांत महागड्या हॉटेलात पाहुण्याला झोप नाही! पण त्याच प्रकरणात एक जागा अशी आहे की हसू थांबते. खोलीतले काही नीट करायला एक नोकर आला. त्याच्या हातून ते मनासारखे होईना, तेव्हा जवळच्या धिप्पाड जर्मन माणसाने एक शब्द न बोलता त्याच्या तोंडात मारली. नोकराने मुकाट्याने मार खाल्ला. ट्वेनला आपल्या लहानपणीचे मिसुरी आणि तिथले गुलाम आठवले. हॉटेलातली शांतता कुणीतरी गप्प बसल्यामुळेही असते हे त्या परक्या माणसाला एका सकाळीत दिसले. वॉटसन्सची इमारत पुढे एस्प्लनेड मॅन्शन झाली, कोर्टाजवळ म्हणून वकिलांच्या कचेऱ्यांनी भरली, २००५ मध्ये तिचा दर्शनी भाग कोसळला आणि २०१९ मध्ये ती रिकामी करून घेतली गेली. आमच्या हॉटेलापासून चालत दहा मिनिटांवर. मी बाहेरून पाहून आलो.

मला खरे बघायचे होते ते मात्र सरदारगृह.

क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आताची महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ ची. तिच्यासमोर पोलीस आयुक्तांची कचेरी, आणि तिथेच हाकेच्या अंतरावर सरदारगृहाची इमारत. रस्त्याला पूर्वी कारनॅक रोड म्हणत, आता लोकमान्य टिळक मार्ग म्हणतात. मुंबईत यापेक्षा गर्दीची जागा शोधून काढणे अवघड. फळे, मसाले, पिंजऱ्यातले पोपट, कापड, प्लॅस्टिकच्या बादल्या, आणि त्यातून वाट काढणारे हमाल. रस्त्यावर उभे राहून वर पाहायचे म्हटले तरी तीन धक्के बसतात. या ठिकाणी टिळक उतरत. मुंबईला आले की सरदारगृह, हे ठरलेले.

का बरे? टिळकांना मुंबईत ओळखी कमी नव्हत्या. गिरगावात कितीतरी घरांनी पायघड्या घातल्या असत्या. पण दुसऱ्याच्या घरी उतरले की त्या घरच्या वेळा पाळाव्या लागतात, घरच्या माणसांना भेटीला येणाऱ्यांचा त्रास होतो, आणि टिळकांसारख्या माणसाला आसरा दिला म्हणून सरकारची नजर त्या घरावर बसते ती निराळीच. भाड्याच्या खोलीत हे काही नाही. दार उघडले की दरबार, लावले की अभ्यासिका. कोर्टाची कागदपत्रे पसरा, अग्रलेख सांगा, रात्री उशिरा जेवा. शहराच्या ऐन मध्यावर असल्याने येणाराला सोपे. शांतता म्हणजे आवाज नसणे नव्हे, आपल्या कामात कुणाची आडकाठी नसणे, असा अर्थ घेतला तर सरदारगृह शांतच होते. हा माझा तर्क आहे, पण टिळकांचा दिनक्रम ज्यांनी वाचला आहे त्यांना तो पटावा.

आता गंमत पाहा. २४ जून १९०८ रोजी टिळकांना अटक झाली ती पुण्याच्या गायकवाड वाड्यात नव्हे, इथेच, मुंबईच्या मुक्कामात. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे 'केसरी'तले दोन अग्रलेख त्या खटल्याच्या मुळाशी होते. पुढे हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे खटला चालला. (हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या बाजूचे बॅरिस्टर होते आणि त्यांनी त्यांना जामीन मिळवून दिला होता. १९०८ साली न्यायाधीश म्हणून त्यांनीच जामीन नाकारला. वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करत.) २२ जुलैच्या रात्री सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले.

मंडालेहून १९१४ साली सुटल्यानंतरही टिळक सरदारगृहातच उतरत राहिले. जिथून पोलीस धरून घेऊन गेले तीच जागा पुन्हा घ्यायची, याला काय म्हणावे? मला तरी त्यात त्यांचा सगळा स्वभाव दिसतो.

शेवटचा मुक्काम जुलै १९२० चा. निमित्त ताई महाराज प्रकरणाचे. बाबामहाराज पंडित १८९७ मध्ये वारले, मृत्युपत्रात टिळकांना विश्वस्त नेमून गेले, आणि दत्तकाच्या वादातून जे कज्जे सुरू झाले त्यांनी टिळकांची जवळजवळ वीस वर्षे खाल्ली. त्याचा हायकोर्टातला निकाल याच महिन्यात त्यांच्या बाजूने लागला. २३ जुलैला त्यांना चौसष्ट पुरी झाली. हिवतापाने शरीर पोखरलेले होतेच, त्यात न्यूमोनिया झाला. बातमी फुटली आणि सरदारगृहाखाली लोक जमू लागले. पावसाळ्याचे दिवस. वर खोलीत डॉक्टर आणि जवळची माणसे, खाली रस्ताभर माणसे. ३१ जुलै संपून १ ऑगस्ट लागला आणि मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात टिळक गेले.

त्याच दिवशीची अंत्ययात्रा सर्वांना ठाऊक आहे. लाखांवर माणसे, गांधींनी आणि शौकत अलींनी दिलेला खांदा, चौपाटीवर खास परवानगीने झालेला दहनविधी. असहकाराची चळवळ सुरू होण्याचा तोच दिवस. पुण्याहून माणसे रेल्वेने मुंबईकडे धावली. हा रूळ १८५८ पासूनचा, म्हणजे त्या गाड्या आमच्या कासारवाडीच्या शेतांमधूनच गेल्या. तेव्हा इथे कारखाना नव्हता, वसाहत नव्हती. रूळालगत गुरे चारणाऱ्या कुणा पोराने त्या गच्च भरलेल्या गाड्या पाहिल्या असतील आणि घरी जाऊन विचारले असेल, आज काय आहे म्हणून.

सरदारगृहाची इमारत आज उभी आहे. खाली दुकाने, वर कचेऱ्या, आणि टिळकांच्या मुक्कामाची आठवण तिथे जपलेली आहे. बाजारात आलेल्या दहा माणसांना मी मुद्दाम विचारले. दोघांनी बरोबर सांगितले. त्यातला एक पिशव्या विकणारा उत्तर भारतीय तरुण होता. "तिलकजी का मकान, वो सामने." मकान म्हणाला तो, हॉटेल नाही. मला ते आवडले.

पुण्यात याच जातीची दुसरी जागा म्हणजे लक्ष्मी रस्त्यावरचे पूना गेस्ट हाऊस. मूकपटांच्या काळातले निर्माते-दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ साली ते काढले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९३३ मध्ये, प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली होती. सिनेमावाले आणि नाटकवाले ही अशी जात की त्यांना चांगल्या मोहल्ल्यात खोली द्यायला लोक नाखूश, आणि कामाच्या वेळा तर भलत्याच. त्यांच्यातल्याच एका माणसाने त्यांच्यासाठी दार उघडले. पुढे मराठी रंगभूमी आणि चित्रपटातली कितीतरी माणसे तिथे राहिली, जेवली, गप्पा मारून गेली. आम्ही दोघे तिथे फक्त थालीपीठ खाल्ले आहे. तिथल्या शांततेला एकच अपवाद असणार, अनंत चतुर्दशी. विसर्जनाची मिरवणूक लक्ष्मी रस्त्यावरून दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्या रात्री तिथे कुणी झोपायची अपेक्षा ठेवून खोली घेत असेल तर तो बाहेरगावचाच.

इथवर वाचून वाटेल की मास्तर जुन्या काळाची आरती ओवाळतायत. तसे नाही. या सगळ्या जागांच्या दाराशी एक टेबल असते आणि टेबलावर एक रजिस्टर. नाव, गाव, येण्याचे कारण. इतिहासाच्या पुस्तकांत टिळकांचा मुक्काम येतो, रजिस्टर येत नाही.

१९८० च्या आसपासची गोष्ट. सातवी-आठवीची सहल घेऊन आम्ही तीन शिक्षक एका तीर्थक्षेत्री गेलो होतो. धर्मशाळेत आधी पत्र टाकून दोन खोल्या ठरवल्या होत्या. संध्याकाळी पोचलो तर व्यवस्थापकाने मुलांची यादी मागितली. यादीवर बोट फिरवत तो खाली खाली गेला, दोन-तीन आडनावांपाशी थांबला, आणि म्हणाला, खोल्या भरल्यात. पत्र दाखवले तर म्हणाला, पत्र जुने आहे. आमच्या ज्येष्ठ शिक्षकांनी वाद घातला नाही. यादी परत घेतली, घडी करून खिशात ठेवली, आणि चाळीस मुलांना रांगेत एस.टी. स्टँडवर नेले. रात्रभर आम्ही तिघे आळीपाळीने जागे. मुलांना वाटले हीच सहलीतली मजा. ज्यांच्या आडनावावर बोट थांबले होते त्यातला एक मुलगा मात्र झोपला नाही. त्याला कुणी काही सांगितले नव्हते. त्याला सांगावे लागले नाही.

म्हणून सरदारगृहाबरोबर मला बडोद्याची ती पारशी धर्मशाळा आठवते. टिळकांच्या शेवटच्या मुक्कामाच्या तीनच वर्षे आधीची, १९१७ सालची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया आणि लंडन इथले शिक्षण घेऊन, करारानुसार सयाजीराव महाराजांच्या नोकरीत रुजू व्हायला बडोद्याला आले. पहिला प्रश्न राहायचे कुठे. हिंदू हॉटेले घेणार नाहीत हे ठाऊक होते. खोटे नाव सांगून राहिले आणि उघडकीला आले तर काय होईल हेही ठाऊक होते. गाडीवानाने कॅम्पातल्या पारशी धर्मशाळेकडे नेले. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, म्हणून त्यांना बरे वाटले. पण रखवालदाराने पाहिले की पाहुण्याच्या अंगात सदरा आणि कस्ती नाही. जागा पारशांसाठीच होती. शेवटी दोघांनी मिळून तोड काढली ती रजिस्टरची: पारशी नाव लिहायचे. रोजचा दर जेवणखाणासह दीड रुपया.

हा सगळा वृत्तांत बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला आहे. त्यातले मला सर्वांत लागते ते त्या जागेचे वर्णन. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, बाकी सगळा प्रशस्त दिवाणखाना, त्यात मोडकी बाके, फळ्या, तुटक्या खुर्च्या यांचा ढीग. दुसरा एकही पाहुणा नाही. वीज नाही, एक लहानसा कंदील. अंधारात वटवाघळे फडफडायची. आज शांत खोलीसाठी आपण जादा पैसे मोजतो. त्या माणसाला इतकी शांतता मिळाली होती की बोलायला कुणीतरी हवे म्हणून तो तळमळत होता, आणि विसरण्यासाठी वाचत बसत होता. दिवसभर कचेरी, रात्री हे.

अकराव्या दिवशी सकाळी ते बाहेर पडायच्या तयारीत असताना काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. तू कोण, इथे राहून जागा बाटवलीस, अशी सरबत्ती. संध्याकाळच्या आत निघ. बाबासाहेबांनी आठवडाभराची मुदत मागितली, ती मिळाली नाही. दोन मित्रांना विचारले. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर जातील. ख्रिस्ती मित्राला बायकोला विचारायचे होते. मुंबईच्या गाडीला पाच तास होते. ते तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. ही बाग आज सयाजीबाग म्हणून ओळखली जाते आणि ते जिथे बसले त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. आठ वाजता उठून ते सामान न्यायला धर्मशाळेत गेले. रखवालदार बाहेर आला. दोघांनाही बोलता आले नाही.

१९३० नंतर, टिळक गेले त्याच मुंबईत, दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी स्वतःचे घर बांधून घेतले. नाव ठेवले राजगृह. खाली घरची माणसे राहत. वरचा मजला त्यांनी आपल्या बसण्यालिहिण्यासाठी आणि हजारो पुस्तकांसाठी ठेवला होता.